दिसायला एक, आवाजाला दोन : छुप्या जाती कानाने कशा शोधायच्या

मिरगाचे दोन-तीन मोठे पाऊस झाले की आमच्या घरामागच्या कुणग्यांत, म्हणजे भाताच्या छोट्या खाचरांत, पाणी साचतं. रात्री आठनंतर बांधावर उभं राहिलं तर शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, इतका बेडकांचा गजर असतो. त्यात अंगठ्याएवढे, तपकिरी, पाठीवर बारीक पुटकुळ्या असलेले शेतबेडूक सगळ्यांत जास्त. टॉर्चच्या उजेडात दोघे शेजारी बसलेले दिसले तरी एकातून दुसरा वेगळा काढता येत नाही. पण टॉर्च विझवून पाच मिनिटं गप्प उभं राहिलं की गजराची उकल होऊ लागते. एक आवाज कंगव्याच्या दातांवरून नख ओढल्यासारखा, लांब, कर्रर्र असा. दुसरा सुटा, तुटक, टिक्-टिक्-टिक्.

हे दोन आवाज एकाच जातीचे की दोन जातींचे? या प्रश्नाचं उत्तर आपण शोधायच्या आधी कुणीतरी देऊन ठेवलेलं असतं, ते म्हणजे बेडकाच्या मादीने. अंधारात, शेकडो नरांच्या गोंगाटात ती आपल्या जातीच्या नराकडेच जाते. चुकली तर तिची वर्षाची सगळी अंडी वाया जायची भीती असते. तिचा हा निवाडा माणसाला कसा वाचता येईल, त्याची रीत इथे पायरीपायरीने लिहिली आहे. लागणारं सामान बहुतेकांच्या घरात असतं. वेळ मात्र भरपूर द्यावा लागतो.

आधी शब्दांचं बघू. शाळेच्या पुस्तकात स्पीशीजला ‘जाती’ आणि जीनसला ‘प्रजाती’ म्हटलेलं असतं. वर्तमानपत्रं स्पीशीजलाच प्रजाती म्हणतात. मी शाळेची रीत पाळते. दिसायला सारख्या पण आपसांत वीण न होणाऱ्या जातींना शास्त्रज्ञ क्रिप्टिक स्पीशीज म्हणतात. मी त्यांना छुप्या जाती म्हणते. अर्न्स्ट मायर यांनी १९४२ साली अशा जातींना सिबलिंग स्पीशीज म्हणजे भावंडं-जाती म्हटलं होतं. दोन जातींचे जीव एकाच तळ्यावर, एकाच रात्री असूनही केवळ हाक, नाच, गंध किंवा लुकलुक जुळत नाही म्हणून जोडी जमवत नाहीत, तेव्हा त्यांच्यामध्ये वर्तनाचं कुंपण आहे असं म्हणू.

कानाने जाती वेगळ्या काढण्याची ही परंपरा जुनी आहे. इंग्लंडमधल्या सेलबोर्न गावच्या गिल्बर्ट व्हाइट या पाद्र्याने अठराव्या शतकात एकाच पक्ष्यात मोजले जाणारे तीन पर्णवटवटे निव्वळ गाण्यावरून वेगळे ओळखले. अलीकडचं आपल्या देशातलं उदाहरण हिमालयातल्या एका कस्तुर पक्ष्याचं आहे. २००९ साली अरुणाचलात पेर आल्स्ट्रोम आणि शशांक दळवी यांच्या लक्षात आलं की एकच समजल्या जाणाऱ्या कस्तुराचं जंगलातलं गाणं गोड आहे आणि झाडोऱ्याच्या वरच्या उघड्या उतारांवरचं गाणं कर्कश आहे. पुढे सगळा अभ्यास होऊन २०१६ साली जंगलातल्या पक्ष्याला झूथेरा सलीमअली हे नाव मिळालं. आपल्या सलीम अलींचं नाव त्या पक्ष्याला मिळालं ते गाण्यातल्या फरकामुळे, ही गोष्ट मला फार आवडते.

बेडकांचं तर विचारूच नका. जावामधल्या नमुन्यांवरून १८२९ साली वर्णन झालेल्या लिम्नोकॅरिस या एका नावाखाली भारतातले बहुतेक छोटे शेतबेडूक कित्येक दशकं मोडत होते. मग २००१ साली कर्नाटकातल्या गुंड्या गावचा सह्याद्रिस आला. २००७ साली मध्य पश्चिम घाटातून जपानी आणि भारतीय संशोधकांनी एकदम चार नव्या जाती मांडल्या, आणि त्या लेखाच्या शीर्षकातच ‘क्रिप्टिक’ हा शब्द होता. २०१५ साली गोव्यातून गोमंतकी आला. २०१७ साली आपल्या आंबोलीतून सेप्फी आला. म्हणजे लावणी करताना ज्यांच्यावर पाय पडू नये म्हणून आपण जपतो, त्या बेडकांची नावं ठरायचं काम अजून चालूच आहे.

पहिली पायरी : जागा एक, प्रश्न एक

नवशिक्याची सगळ्यांत मोठी चूक म्हणजे घाटभर फिरून रेकॉर्डिंग गोळा करणं. रत्नागिरीचा आवाज आणि कोल्हापूरचा आवाज वेगळा निघाला, तर त्यातून वर्तनाचं कुंपण सिद्ध होत नाही. तो एकाच जातीतला प्रादेशिक फरकही असू शकतो. ते दोघे एकमेकांना कधी भेटतच नसतील, तर मादीसमोर निवड करायची वेळच येत नाही.

म्हणून दोन्ही आवाज एकत्र ऐकू येतात अशी जागा धरा. एक शेत, एक डबकं, सड्यावरचं म्हणजे कातळाच्या पठारावरचं एखादं उथळ पाणी. तिथेच संपूर्ण हंगाम जा. ऑस्ट्रेलियात मरे लिटलजॉन यांनी १९६५ साली दोन वृक्षबेडकांबद्दल जे दाखवलं ते या बाबतीत फार शिकवणारं आहे. दोन्ही जाती जिथे वेगवेगळ्या राहतात तिथे त्यांच्या हाका बऱ्याच मिळत्याजुळत्या आहेत, पण जिथे एकत्र राहतात तिथे हाकांमधला फरक वाढलेला आहे. चुकीच्या जोड्या जिथे महाग पडतात, तिथेच कुंपण उंच होतं. तेव्हा प्रश्न असा लिहून ठेवा : ‘या बांधावर, या हंगामात ऐकू येणारे क आणि ख हे दोन आवाज वेगवेगळ्या नरांचे आहेत का, आणि माद्या त्यांच्यात भेद करतात का?’ एवढंच.

यातला ‘वेगवेगळ्या नरांचे’ हा शब्दप्रयोग सोडू नका. एकच नर दोन-तीन तऱ्हेच्या हाका देतो. मादीला बोलावण्याची एक, जवळ आलेल्या दुसऱ्या नराला दरडावण्याची दुसरी, आणि चुकून दुसऱ्या नराने पाठीवर मिठी मारली तर ‘सोड मला’ म्हणण्याची तिसरी. एकाच्या बोलावण्याची तुलना दुसऱ्याच्या दरडावण्याशी केली तर प्रत्येक तळ्यात चार नव्या जाती सापडतील! म्हणून एका नराजवळ निदान दहा मिनिटं बसून त्याच्या सगळ्या हाका ऐका. शेजारी कुणी नर नसताना, संथपणे, पुन्हा पुन्हा दिलेली हाक ही बोलावण्याची. तीच मोजायची.

दुसरी पायरी : सामान आणि स्वतःची काळजी

मोबाईल चालतो. शेतबेडकांचे आवाज साध्या माईकच्या आवाक्यातले असतात. फक्त वेव्ह फाईल बनवणारं ॲप घ्या, त्याचा सॅम्पल रेट (आवाज टिपण्याचा वेग) ४४.१ किलोहर्ट्झवर ठेवा आणि आवाजाची पातळी आपोआप कमीजास्त करण्याची सोय बंद करा. व्हॉट्सॲपवर पाठवलेली व्हॉइस नोट मोजणीसाठी वापरू नका. ती दाबून लहान केलेली असते आणि बारीक ठोके पुसट होतात. वटवाघळांसाठी मात्र मोबाईल कामाचा नाही. युरोपातल्या पिपिस्ट्रेल या एका चिमुकल्या वटवाघळाच्या दोन जाती निघाल्या त्या एकीची हाक ४५ किलोहर्ट्झच्या आसपास आणि दुसरीची ५५ च्या आसपास म्हणून. दोन्ही माणसाच्या कानाच्या पलीकडच्या. त्यासाठी वेगळं डिटेक्टर यंत्र लागतं.

थर्मामीटर, वही, पेन्सिल (पेनाची शाई पावसात पसरते), लाल उजेडाचा हेडटॉर्च, सुटे सेल. गुडघ्यापर्यंतचे गमबूट. यावर मी अडून बसते. कोकणातल्या सड्यांवर फुरशी भरपूर असतात आणि पावसाळ्यात चिखलाच्या शेतात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो. पायाला जखम असेल त्या दिवशी पाण्यात उतरू नका. एकट्याने जाऊ नका. एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्यावर जाताना बूट घासून धुवा आणि कोरडे करा, कारण बेडकांच्या कातडीवर वाढणारी कायट्रिड बुरशी पश्चिम घाटातही सापडलेली आहे आणि ती आपल्या बुटांतून पसरू शकते.

जागा खाजगी असेल तर मालकाला विचारा. अभयारण्यात रात्री शिरायचं, बेडूक पकडायचे किंवा नमुने घ्यायचे तर वन विभागाची परवानगी हवीच. या लेखातली एकही पायरी बेडूक हातात धरायला सांगत नाही.

तिसरी पायरी : रेकॉर्डिंग

पोहोचल्या पोहोचल्या बेडूक गप्प होतात. टॉर्च विझवा, उकिडवे बसा, वाट बघा. पाच-सात मिनिटांत एखादा धीट नर सुरू होतो, त्याच्यामागे बाकीचे. मग लाल उजेडात एक नर हेरा. गळ्याखालची पिशवी फुगते-ओसरते, त्यावरून नेमका कोण ओरडतोय ते पक्कं करा. हे पक्कं नसेल तर ते रेकॉर्डिंग ‘अनिश्चित’ म्हणून बाजूला ठेवा. अंधारात आवाज कुठून येतो याचा कानाला फार चकवा बसतो.

माईक नरापासून अर्धा ते एक मीटरवर, हात स्थिर. सलग वीस हाका मिळेपर्यंत थांबा. रेकॉर्डिंग संपताना त्याच फाईलमध्ये स्वतःच्या आवाजात बोला : तारीख, वेळ, जागा, नर कशावर बसला आहे, तापमान. वही भिजते, हरवते, पण फाईलमधलं बोलणं फाईलसोबत राहतं.

नर कुठे बसला आहे हे मी मुद्दाम लिहायला सांगते. आमच्या बांधावर कंगव्यासारखा आवाज करणारे बहुतेक पाण्यात अर्धे बुडून, रोपांच्या बुडाशी असतात. टिक्-टिक्वाले बांधाच्या ओल्या मातीवर, गवताच्या आडोशाला. हे लक्षात यायला मला बरेच दिवस लागले, कारण पहिल्यांदा मी फक्त आवाजाच्या मागे होते. जागेचा फरकही कुंपणाचाच भाग असतो. वेळेचाही. अमेरिकेत दोन काळे रातकिडे दिसायला आणि गायला जवळजवळ सारखे आहेत, पण एक वसंतात प्रौढ होतो आणि दुसरा शरदात. त्यांची गाठच पडत नाही.

एका आवाजाचे निदान दहा वेगवेगळे नर हवेत. एकाच नराची दहा रेकॉर्डिंग म्हणजे एकच नर. बेडूक जागा फारशी सोडत नाहीत, म्हणून दुसऱ्या रात्री त्याच दगडाजवळच्या नराला नवा समजू नका.

चौथी पायरी : तापमान, तापमान, तापमान

या पायरीवर मी एक अख्खा पावसाळा गमावला आहे. पहिल्या वर्षी जून ते ऑगस्ट मी रेकॉर्डिंग केलं, सुबक फोल्डर केले, आणि एकाही फाईलसोबत तापमान नोंदवलं नाही. त्या फाईली ऐकायला गोड आहेत, मोजायला निरुपयोगी.

कारण असं. बेडूक आणि कीटक यांचं अंग हवेच्या, पाण्याच्या तापमानावर चालतं. थंडीत स्नायू सावकाश हलतात, ठोके सावकाश पडतात. अमेरिकेत एमॉस डॉल्बियर यांनी १८९७ साली रातकिड्याची किरकिर मोजून हवेचं तापमान सांगायचं सूत्रच मांडलं होतं. म्हणजे आंबोलीच्या गार रात्रीचा एक नर आणि सावंतवाडीच्या उकाड्यातला त्याच जातीचा दुसरा नर वेगवेगळ्या लयीत ओरडतील, आणि बेसावध माणूस तिथे दोन जाती बघेल.

याचं सगळ्यांत सुंदर उदाहरण पूर्व उत्तर अमेरिकेतल्या करड्या वृक्षबेडकांचं आहे, आणि त्यावर थोडं थांबायला हवं. हायला व्हर्सिकलर आणि हायला क्रायसोस्केलिस या दोन जाती डोळ्यांनी वेगळ्या करता येत नाहीत. एकाच तळ्यावर दोन्ही असतात. क्रायसोस्केलिसच्या पेशीत २४ गुणसूत्रं, व्हर्सिकलरच्या पेशीत बरोबर दुप्पट, ४८. हा दुपटीचा प्रकार १९७० साली उघडकीला आला. दोघांची संकर-पिल्लं तिप्पट संचाची होतात आणि पुढे वंश चालवायला बहुधा निकामी असतात. म्हणजे मादीची चूक इथे खरोखर महाग आहे.

दोघांची हाक ठोक्यांच्या माळेसारखी असते. एकाच तापमानाला क्रायसोस्केलिसचे ठोके व्हर्सिकलरच्या साधारण दुप्पट वेगाने पडतात. पण गार रात्रीच्या क्रायसोस्केलिसचा वेग घसरतो आणि उबदार रात्रीच्या व्हर्सिकलरचा वाढतो, तेव्हा दोन आकडे एकमेकांच्या जवळ येतात. मग मादी फसत का नाही? कार्ल गेरहार्ट यांनी १९७८ साली व्हर्सिकलरवर दाखवलं की तापमानाबरोबर मादीची आवडही सरकते. गार मादीला सावकाश ठोके भावतात, उबदार मादीला वेगवान. नराचा गळा आणि मादीचा कान एकाच तापमानाला बांधलेले आहेत. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ काही बोलू शकले नाही.

तर करायचं काय : प्रत्येक रेकॉर्डिंगनंतर लगेच नराच्या बसण्याच्या जागेचं तापमान घ्या. पाण्यात असेल तर पाण्याचं, मातीवर असेल तर मातीला टेकलेल्या हवेचं. घराच्या ओसरीवरचं किंवा मोबाईलच्या हवामान-ॲपवरचं तापमान चालत नाही. वेगवेगळ्या तापमानाच्या रात्री मुद्दाम निवडा, म्हणजे सरी थांबून उकडलेल्या आणि रात्रभर झोडपून गार झालेल्या, दोन्ही.

पाचवी पायरी : मोजणी

ऑडॅसिटी किंवा कॉर्नेल विद्यापीठाचं रेव्हन लाइट, दोन्ही फुकट मिळतात. फाईल उघडा, एक हाक मोठी करा. जे कानाला ‘कर्रर्र’ ऐकू येत होतं ते पडद्यावर ओळीने उभ्या शिखरांसारखं दिसेल. प्रत्येक शिखर म्हणजे एक ठोका.

ठोक्यांचा वेग असा काढा : शिखरं मोजा, त्यातून एक वजा करा, आणि पहिल्या शिखरापासून शेवटच्या शिखरापर्यंतच्या वेळाने भागा. समजा २५ शिखरं आहेत आणि मधला वेळ ०.६ सेकंद. २४ भागिले ०.६ म्हणजे सेकंदाला ४० ठोके. एक वजा का, तर आपण शिखरांमधल्या फटी मोजतोय, शिखरं नाही. कुंपणाच्या खांबांचं शाळेतलं गणित आठवा.

याखेरीज हाकेची लांबी, एका हाकेतले ठोके, दोन हाकांमधला वेळ आणि स्पेक्ट्रोग्रामवर (आवाजाच्या चढउताराच्या चित्रावर) सगळ्यात गडद दिसणारी पट्टी म्हणजे मुख्य वारंवारता, एवढं लिहा. प्रत्येक नराच्या दहा हाका मोजून सरासरी घ्या.

सगळ्या मोजमापांचं वजन सारखं नसतं, आणि इथे तारतम्य लागतं. काही गुण एका नराच्या सगळ्या हाकांत जवळजवळ पक्के असतात. बहुतेक बेडकांत ठोक्यांचा वेग आणि मुख्य वारंवारता या गटात येतात. काही गुण मिनिटामिनिटाला बदलतात. मिनिटाला किती हाका दिल्या हे नर किती जोशात आहे, शेजारी कोण आहे, मादी जवळ आहे का, यावर ठरतं. गेरहार्ट यांनी १९९१ साली याची ढोबळ मोजपट्टी दिली : एका नरातला चढउतार सरासरीच्या ५ टक्क्यांहून कमी असेल तर गुण स्थिर, १२ टक्क्यांहून जास्त असेल तर चंचल. जात ओळखायला मादी बहुधा स्थिर गुणांकडे बघते, आणि जातीतल्या जातीत दमदार नर निवडायला चंचल गुणांकडे. आपणही तेच करायचं. चंचल गुणांवर जाती उभ्या करू नका. मुख्य वारंवारतेबद्दल एक सावधगिरी : मोठ्या अंगाच्या नराचा आवाज खालच्या पट्टीत असतो, त्यामुळे तेवढ्यावरून फरक दिसला तर आधी अंगाचा आकार बघा.

आता आलेखाचा कागद घ्या. आडव्या रेषेवर तापमान, उभ्या रेषेवर ठोक्यांचा वेग, प्रत्येक नराचा एक ठिपका. सगळे ठिपके एकाच तिरक्या पट्ट्यात बसले तर तुमच्याकडे एकच आवाज आहे, फक्त गार-गरम. ठिपके दोन समांतर तिरक्या पट्ट्यांत पडले आणि मधली जागा रिकामी राहिली, तर तुमच्या हाती काहीतरी लागलं आहे. ती मधली रिकामी जागा फार महत्त्वाची आहे. तिथे अधूनमधून ठिपके असतील तर संकर होत असेल किंवा मुळात विभागणीच नसेल.

सहावी पायरी : मादीला विचारणं

इथपर्यंत आपण नर मोजले. पण नरांचे आवाज वेगळे असणं हे अर्धंच उत्तर आहे. त्या फरकाची मादीला फिकीर आहे का?

सगळ्यांत सोपं, निरुपद्रवी काम म्हणजे नुसतं बघणं. गेल्या जुलैत मी एका पोट फुगलेल्या मादीला लाल उजेडात तासभर पाहिलं. ती दोन टिक्-टिक् नरांच्या मधून गेली, एकापासून वीतभर अंतरावर थांबली, अंग किंचित वळवलं. तो नर जोरात ओरडू लागला. ती हलली नाही. मग तीन छोट्या उड्या, मध्ये बराच वेळ स्तब्ध, पुन्हा दोन उड्या, आणि पाण्यात उतरून रोपाच्या बुडाशी बसलेल्या कर्रर्र नराच्या तोंडासमोर जाऊन टेकली. त्याने हाक मध्येच तोडली आणि मिठी मारली. अशी एक नोंद म्हणजे पुरावा नव्हे. पण जमलेली प्रत्येक जोडी दिसली की त्या नराची आधीची हाक कोणती होती ते लिहीत जा. वीस-तीस जोड्या झाल्या की चित्र स्पष्ट होऊ लागतं.

दुसरा मार्ग स्पीकर लावून आवाज ऐकवण्याचा. दोन छोटे स्पीकर एकमेकांपासून दोन-तीन मीटरवर, मादी मधोमध, एकातून क आणि दुसऱ्यातून ख. ती कोणाकडे जाते ते बघायचं. संशोधक हे बंदिस्त अंधाऱ्या खोलीत करतात, कारण तिथे बाकी गोंगाट नसतो. मादी पकडायची परवानगी नसेल तर बांधावर नरांवर सोपा प्रयोग करता येतो : एका कर्रर्र नराजवळ क वाजवा, मग काही वेळाने ख. आपल्या जातीच्या परक्या नराचा आवाज आला तर तो बहुधा दरडावतो किंवा हाक बदलतो. दुसऱ्या जातीचा आला तर बरेचदा लक्ष देत नाही. नराचं उत्तर मादीच्या उत्तराइतकं भक्कम नाही, पण काहीच नसण्यापेक्षा खूप बरं.

यात फसायच्या जागा अशा. दोन्ही आवाज सारख्याच मोठ्याने वाजले पाहिजेत, नाहीतर मादी जात नव्हे, जोर निवडेल. प्रत्येक वेळी स्पीकरची बाजू बदला, कारण एका बाजूला उतार किंवा पाणी असू शकतं. ‘क’ म्हणून एकाच नराचं रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा वाजवलं तर तुम्ही त्या एका नराची पसंती मोजता, जातीची नाही. म्हणून प्रत्येक आवाजाची निदान पाच-सहा नरांची रेकॉर्डिंग फिरवा. रेकॉर्डिंग त्या रात्रीच्या तापमानाच्या जवळचंच निवडा. का, ते चौथ्या पायरीत आलंच आहे. आणि कुठलाही प्रयोग दोन-तीन मिनिटांत आटपा, एका नरावर एका रात्री एकदाच. जोडीची संधी वर्षात थोडेच दिवस असते, ती आपल्या कुतूहलापायी हुकता कामा नये.

सातवी पायरी : निष्कर्ष कुठवर न्यायचा

दोन समांतर पट्टे मिळाले, माद्या भेद करताना दिसल्या. आता नवी जात सापडली असं जाहीर करायचं का? नाही. आवाज वेगळा असणं ही तक्रार दाखल करणं आहे. निकालासाठी डीएनए, संग्रहालयातले नमुने, जुन्या वर्णनांशी तुलना, हे सगळं लागतं. तुमचा एक आवाज आधीच नाव असलेल्या जातीचा असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. पक्ष्यांच्या बाबतीत आणखी सावध राहा : अनेक गाणारे पक्षी गाणं शिकतात, म्हणून त्यांच्यात गावोगावच्या बोली तयार होतात. बेडूक आणि नाकतोड्यांची हाक जन्मजात असते, त्यामुळे त्यांच्यातला फरक जास्त वजनदार.

उलट बाजूही आहे. आवाज सारखा निघाला म्हणून जात एकच असं नाही. जीव कदाचित गंधावर, स्पर्शावर किंवा आपल्याला ऐकू न येणाऱ्या थरथरीवर भेद करत असेल. लेसविंग हा हिरवा नाजूक कीटक पोट हलवून देठातून कंपनं पाठवतो आणि चार्ल्स हेन्री यांनी दाखवलं की या कंपनांवरूनच त्यांच्या कित्येक छुप्या जाती एकमेकींपासून वेगळ्या राहतात. आपण कितीही कान लावला तरी आपल्याला शांतताच ऐकू येईल.

कुणी विचारतं, एवढा खटाटोप कशाला? मी त्यांना डासाचं सांगते. आपल्या ग्रामीण भागात हिवताप पसरवणारा ॲनोफेलीस क्युलिसिफेसीज हा एक डास नाही. दिसायला सारख्या पाच जातींचा तो गट आहे आणि त्यांना ए ते ई अशी अक्षरं दिली आहेत. त्यांतली बी ही जात हिवताप पसरवण्यात फार कच्ची आहे. कुठल्या गावात कुठली जात जास्त हे माहीत नसेल, तर फवारणी आणि पैसा चुकीच्या जागी जातो. बेडकांचंही तसंच. एका मोठ्या पसरलेल्या जातीऐवजी त्या नावाखाली पाच लहान जाती असतील, तर एका सड्यावरची चिऱ्याची खाण त्यांतली एखादी जात पुसून टाकू शकते, आणि यादीत मात्र ‘सर्वत्र आढळणारी’ असंच लिहिलेलं राहील.

आठवी पायरी : नाव आणि साठवण

खरं नाव ठरेपर्यंत कामचलाऊ नाव हवं. या बाबतीत मला बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांची रीत आवडते. दक्षिण भारतातल्या मेकोपोडा या पानासारख्या दिसणाऱ्या नाकतोड्यांत त्यांना अंगाने वेगळे न करता येणारे पण गाण्याने वेगळे असे पाच प्रकार सापडले. २००६ साली त्यांनी ते मांडले तेव्हा नावं ठेवली ती ऐकू आल्यासारखी : चर्पर, डबल चर्पर, हेलिकॉप्टर, ट्रेन आणि टू-पार्ट. कुठलंही लॅटिन नाव घाईने चिकटवलं नाही. दुसऱ्या कुणी तो आवाज ऐकला तर त्यालाही लगेच कळेल, हा केवढा फायदा.

फाईलच्या नावात हे सगळं क्रमाने घाला : कामचलाऊ नाव, गाव, तारीख, नराचा क्रमांक, तापमान. मूळ वेव्ह फाईल कधी कापू नका, मोजायला तिची प्रत घ्या. दोन ठिकाणी ठेवा. एखादी हाक फोटोसकट आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, पण दुर्मीळ जातीची शक्यता असेल तर नेमकी जागा झाकून. आणि आलेखासकट सगळी फाईल जवळच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्र विभागाला किंवा उभयचरांवर काम करणाऱ्या संशोधकाला दाखवा. तापमान नोंदवलेलं, नर डोळ्यांनी पाहिलेला, दहा-दहा नरांचं रेकॉर्डिंग घेऊन कुणी दारात उभं राहिलं तर त्यांना आनंदच होतो.

माझ्या फोल्डरमध्ये सध्या दोन नावं आहेत, कंगवा आणि टिकटिक. कंगव्याचे सतरा नर झाले आहेत, टिकटिकचे अकरा, आणि २३ अंशांखालच्या रात्रीचा टिकटिक मला अजून एकही मिळालेला नाही. तो आंबोलीच्या बाजूला वर मिळेल असं वाटतं, म्हणून पुढच्या मिरगात आधी तिकडचा एखादा शेतमालक गाठायचा आहे.